हाडाला निरोप कोणी दिला?

१

डिशेस पांढऱ्या निघाल्या.

हाड तयार झालं की त्यात कॅल्शियम साठतं, आणि त्यावर एक ठरावीक रंग ओतला की डिश डाळिंबासारखी लाल होते. बर्गनच्या त्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं डिशेस लाल होत आल्या होत्या. मेच्या अखेरीस त्या पांढऱ्या निघाल्या. सगळं नव्याने मांडलं, डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि जूनच्या मध्यावर पुन्हा पांढऱ्याच. त्याच आठवड्यात फ्रीझरमधली औषधाची शेवटची नळी गायब झाली आणि प्रयोगशाळेचा प्रमुख आयविन येले याने माझ्याकडे तक्रार केली.

मी तुरून म्येल्दे. विद्यापीठात कोणी संशोधनात लबाडी केल्याचा संशय आला की प्रकरण माझ्या गळ्यात येतं. त्या जूनमध्ये माझं डावं मनगट पट्ट्यात अडकलेलं होतं. हिवाळ्यात बर्फावर घसरून मोडलेलं हाड उन्हाळा आला तरी धड जुळत नव्हतं. बुटाची नाडी बांधायला शेजारणीला हाक मारावी लागत होती. शिवाय जुलै लागला की अख्खा देश आपापल्या डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन बसणार, म्हणजे त्याआधी सगळं निपटायला हवं. मी वैतागलेली होते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते जागोजागी दिसणारच आहे.

आयविनने मला त्याचा विषय शाळेतल्या पोराला समजवावा तसा समजावला. मूलपेशीने अजून काहीच ठरवलेलं नसतं. चरबी व्हायचं, कूर्चा व्हायचं की हाड, हे तिला बाहेरून येणारे निरोप सांगतात. निरोप येऊन पेशीच्या अंगाला टेकतो, आत एकाकडून दुसऱ्याकडे बातमी पोचत जाते, आणि शेवटी पेशीच्या गाभ्यात हाड बांधायचं काम सुरू होतं. असा निरोप देणारं एक प्रथिन आयविनने बनवलं होतं. सगळे त्याला ‘निरोप्या’ म्हणत. न जुळणारी हाडं जुळवण्यासाठी तो रुग्णांना देऊन पाहायची परवानगी आता मिळण्याच्या बेतात होती.

"माझ्यासारख्यांना?" मी मनगट वर केलं.

"तुझ्यासारख्यांनाच. म्हणून तर जीव जळतो."

त्याचा संशय ठाम होता. सिनोवे क्वालहाइम, त्याची डॉक्टरेट करणारी विद्यार्थिनी. ऑगस्टच्या अखेरीस तिच्या प्रबंधाची जाहीर परीक्षा होती, आणि गोथेनबर्गच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. आयविनच्या मते खरा निरोप्या तिने तिकडे पोचवला आणि इथल्या नळ्यांत मिठाचं पाणी भरून ठेवलं. फ्रीझरची किल्ली तिच्याच नावावर होती. शेवटची नळी आपण तपासायला पाठवणार असं त्याने जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी तीही उडाली.

"या इमारतीत काही म्हणून टिकत नाही," तो म्हणाला. "नळी गेली. माझं बसायचं आसनसुद्धा गेलं. नारिंगी, एक कोपरा आमच्या कुत्रीने चावलेलं. रविवारी डोंगरावर ओल्या दगडावर बसून आलो."

माणसाची पदवी जाणार की राहणार याचा प्रश्न असताना हा फोमच्या आसनाचं रडगाणं गातो, याचा मला राग आला. मी ते कानाआड केलं, आणि तिथेच चुकले.

२

पेशींच्या खोलीचं काम ओड्वेग लुंडे पाहायची. पांढरा कोट, आखूड केस, आणि आवाज असा की मी एक पाऊल मागे सरले. जेवणाच्या खोलीत तपकिरी चीज लावलेला पाव खाताना हीच बाई माझ्याशी पुटपुटत बोलली होती. इथे मात्र माझ्या कानाशी ओरडत होती. खोली तर देवळासारखी शांत. माझं डोकं दुखायला लागलं.

"किल्ली सिनोवेकडेच असते ना?" मी विचारलं.

"कागदावर," ती ओरडली, आणि फ्रीझरशेजारच्या खुंटीकडे बोट केलं. किल्ली तिथेच लटकत होती. मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे नळी कोणीही घेतलेली असू शकत होती, आणि आयविनची निम्मी तक्रार त्या खुंटीवरच गळून पडली.

खोलीत पेशी उबेत ठेवायचे दोन इन्क्युबेटर होते. लोखंडी टेबलावर हवा ओढणारा एक पंप आणि त्याला चिकटून जुना इन्क्युबेटर. समोरच्या भिंतीला नवा, चकचकीत. ओड्वेगने आयविनचा शुद्धतेचा नियम ऐकवला. निरोप्या घातलेल्या डिशेस फक्त जुन्यात. निरोप्या न घातलेल्या, तुलनेसाठीच्या डिशेस फक्त नव्यात. निरोप्याचा एक थेंबही चुकून दुसऱ्या डिशांत जाता कामा नये म्हणून. आयविनने हा नियम खूप वर्षांपूर्वी घालून दिला होता आणि तो कधी कोणी मोडला नव्हता.

एप्रिलपासून मेपर्यंत काय बदललं, असं मी विचारलं. काही नाही, ती म्हणाली. दुग्नादला खोली धुऊन पुसून काढली, पण ती तर दर वसंतात काढतात. दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची साफसफाई, प्रमुखासकट सगळे बाह्या सरसावतात.

"त्या दिवशी कोणी काय काय केलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचा पगार विचारला. दुग्नादमध्ये कोणी काय केलं हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मी इथलीच, मलाही ते ठाऊक होतं. वाफल्स झाले का एवढं विचारलं, तर तोंड वाकडं करून म्हणाली की वाफल्सची तवी त्याच दिवशी खाली पडून मोडली, तेव्हापासून शुक्रवारी विकतचे बन.

३

सिनोवेशी मी पायऱ्यांवर बसून बोलले. तिला आत बसवेना. पाऊस पडून गेला होता, तिने पिशवीतून दोन आसनं काढली आणि एक मला दिलं.

ती लोफोतनकडच्या बेटावरची. आईवडील दोघंही मासळीच्या धंद्यात, परीक्षेला येण्यासाठी त्यांनी बोटीचं काम पुढे ढकललं होतं. आता त्यांना काय सांगायचं, हा प्रश्न तिला खात होता. गोथेनबर्गची नोकरी तिने वसंतातच नाकारली होती, पण ते तिने आयविनला कळवलं नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

"मी काही केलं नाही हे मी दाखवू कसं?" ती म्हणाली. "केलेलं दाखवता येतं. न केलेलं कसं दाखवायचं, सांग ना."

माझ्या नोकरीतली हीच गोष्ट मला सर्वांत जास्त छळते.

डिशेस पांढऱ्या का होताहेत याबद्दल तिचं काय म्हणणं आहे, ते मी विचारलं. ती चिडून हसली. पेशी बदलून पाहिल्या होत्या. खाद्य बदललं होतं. पाणी, प्लास्टिक, तापमान, सगळं तपासून झालं होतं. एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे खुद्द निरोप्या. तोच खोटा असेल तर दोष तिच्यावरच येणार होता. आणि तो खरा आहे हे तपासायला नळीच नव्हती.

उठताना तिने मला हात दिला, तोही दुखऱ्या बाजूचा. मी ओरडले. ती इतकी ओशाळली की पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

४

उरला आंते सोम्बी. डॉक्टरेट झालेला, करारावर काम करणारा, उत्तरेकडच्या फिनमार्कच्या पठारावरचा, तिथल्या मूळच्या सामी लोकांपैकी. बोलायला मिठ्ठास, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर पट्टी.

"हे काय झालं?"

"भाजलं. गेल्या शुक्रवारी, वाफल्स करताना."

मी म्हटलं, "तवी दुग्नादलाच मोडली. गेल्या शुक्रवारी तुम्ही बन खाल्लेत."

त्याने मान खाली घातली. मग मी त्याला सांगितलं की उघड्या बोटांनी कोरडा बर्फ उचलला तर कातडी अशीच भाजते, आणि गोठवलेली नळी दूर पाठवायची तर ती कोरड्या बर्फातच पाठवावी लागते. हे शोधायला मला काही विशेष डोकं लागलं नाही. माझा भाऊ मासळी निर्यात करतो, त्याची बोटं पाहिली आहेत.

नळी आंतेनेच घेतली होती. ट्रोन्हाइममधल्या मैत्रिणीकडे तपासायला धाडली होती. आयविन ती स्वतःच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवेल आणि उत्तर आधीच ठरलेलं असेल, अशी त्याला भीती वाटली होती.

"मग उत्तर काय आलं?"

"निरोप्या खरा आहे. शंभर टक्के. मिठाचं पाणी नाही, काही नाही. उरलेली नळी गोठलेलीच परत आली आहे, दुसऱ्या फ्रीझरमध्ये माझ्या खणात आहे."

"हे तुला कळून किती दिवस झाले?"

त्याचा करार आयविनच्या सहीवर होता. विचारल्याशिवाय नळी पाठवल्याचं कळलं असतं तर ती सही झाली नसती. म्हणून तो गप्प बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक मुलगी चोर ठरत होती. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानेही ऐकून घेतलं.

पण माझ्या हाती काय लागलं? चोरी झालीच नव्हती, हे खरं. आयविनला सांगितलं तर म्हणाला, मग तिने डिशांत काहीतरी मिसळलं असेल. निरोप्या अस्सल, पेशी ठणठणीत, आणि हाड काही तयार होत नाही. कोडं सुटायच्या ऐवजी दुप्पट झालं. आयविन खुर्चीत मागे रेलला आणि त्याने उसासा टाकला. त्याच्या खोलीमागेच पेशींची खोली आहे, मध्ये पातळ भिंत.

"निदान अलीकडे इथे शांतपणे विचार तरी करता येतो," तो म्हणाला. "तेवढाच दिलासा."

५

दुसऱ्या दिवशी माझ्या फिजिओथेरपिस्टने मला झापलं. मी हात फार जपते, कुठे टेकवत नाही, काही उचलत नाही, हे तिने क्ष-किरणाच्या चित्रावरून ओळखलं. म्हणाली, हाडाला निरोप फक्त रक्तातून जात नाही. दाब, धक्का, थरथर, हेही निरोपच. पेशींना ते कळतात आणि त्या कामाला लागतात. "तू त्याला जपून जपून झोपवलं आहेस," असं म्हणून तिने मला मनगटाने टेबलावर हलके ठोके द्यायला लावले. दुखलं. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

मी समोरच्या बेटावर राहते, घरी बोटीने जाते. त्या दिवशी खालच्या मजल्यावर इंजिनाजवळ जागा मिळाली. शेजारी दोन बायका सुनेच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या, इंजिनाच्या वर आवाज चढवून. बोट धक्क्याला लागली, इंजिन बंद झालं, आणि त्यातली एक तशीच ओरडत राहिली, "पण तिला सांगणार कोण?" सगळी बोट वळून तिच्याकडे बघायला लागली. बाई लालबुंद झाली.

मी उतरले नाही. तशीच बसून राहिले, आणि त्याच बोटीने परत गावात, प्रयोगशाळेकडे गेले. बोटवाल्याला वाटलं असेल, हातापाठोपाठ हिचं डोकंही गेलं.

६

सकाळी मी सगळ्यांना पेशींच्या खोलीत बोलावलं. आयविन, ओड्वेग, सिनोवे आणि आंते. फार सजवून सांगायचा माझा स्वभाव नाही.

"तुम्ही सगळे बाहेर कुजबुजता," मी म्हटलं, "आणि या खोलीत आलात की ओरडता. का?"

"पंपामुळे," ओड्वेग ओरडली. मग स्वतःचाच आवाज ऐकून थबकली.

"कोणता पंप? मला तर काही ऐकू येत नाही."

सगळ्यांनी पंपाकडे पाहिलं. तो चालू होता, दिवा लागलेला होता. पण घुमत नव्हता. वर्षानुवर्षं त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली होती, आणि घुमणं थांबल्यावरही सवय सुटली नव्हती. मी टेबलावर तळहात ठेवला. टेबल निवांत होतं.

"आंते, पंप उचल."

त्याने उचलला. खाली नारिंगी रंगाचं बसायचं आसन होतं, नीट घडी घालून कोंबलेलं. एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा. आसन काढून आंतेने पंप पुन्हा लोखंडावर ठेवला, आणि ते टेबल, जुना इन्क्युबेटर आणि आतल्या डिशेस, सगळं बारीक थरथरायला लागलं. सिनोवेने हात तोंडावर नेला.

मग मी माझं गणित मांडलं. निरोप्या घातलेल्या डिशेस कायम या थरथरत्या टेबलावर. निरोप्या न घातलेल्या कायम समोर, स्थिर इन्क्युबेटरमध्ये. शुद्धतेच्या नियमापायी दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या, आणि श्रेय एकीलाच मिळत होतं. दुग्नादच्या दिवशी कोणाला तरी तो घुमणारा आवाज सहन झाला नाही, त्याने पंपाखाली आसन सारलं, आणि त्याच दिवसापासून डिशेस पांढऱ्या.

"थरथरीने हाड तयार होतं हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो," आंते हळूच म्हणाला. हळूच, त्या खोलीत पहिल्यांदाच, आणि नेमकं आता पंपामुळे ते धड ऐकू आलं नाही. त्याला परत सांगावं लागलं.

आयविन मला त्याच्या खोलीत घेऊन गेला. दार लावायचं विसरला. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. फरशी पुसताना सारलं होतं. नंतर हरवलं म्हणून घरभर शोधलं होतं.

"आसन काढलं आहे," तो म्हणाला. "हाडं पुन्हा तयार होतील. तक्रार मी मागे घेतो. सिनोवे परीक्षा देईल, रुग्णांना औषध मिळेल. बाहेर काही बोलायची गरज आहे का, तुरून?"

मला मोह झाला. जुलै दारात होता. कागद बंद करायचा, किल्ली फिरवायची आणि डोंगरात जायचं.

"आहे," दारातून सिनोवे म्हणाली. "दोन्ही इन्क्युबेटरमध्ये दोन्ही प्रकारच्या डिशेस ठेवायच्या. निरोप्यासह आणि निरोप्याविना. आजपासून."

आयविनने तिला समजावलं की ती काय मागते आहे. तिचा सबंध प्रबंध निरोप्यावर होता. तिने होकारार्थी मान हलवली. तिला ते आमच्या आधी कळलं होतं.

"मी चोर नाही, एवढ्याने मला पुरणार नाही," ती म्हणाली. "तू मला एकदा विचारलं असतंस तर कदाचित पुरलं असतं."

७

जुलैत सगळी इमारत ओस पडली. सिनोवे राहिली, आणि मीही, कारण मनगट घेऊन डोंगरात जाऊन करणार काय. ती डिशेसचं खाद्य बदलायची, मी शेजारच्या टेबलावर माझे ठोके द्यायचे. आम्ही दोघी पंपाच्या वर आवाज चढवून बोलायचो, बहुतेक खाण्याविषयी.

ऑगस्ट लागताच तिने रंग ओतला. जुन्या इन्क्युबेटरमधल्या सगळ्या डिशेस लाल झाल्या. निरोप्या असलेल्या लाल, नसलेल्याही तितक्याच लाल. नव्या इन्क्युबेटरमधल्या दोन्ही पांढऱ्या. तिने आईला फोन लावला. बोटीचं काम आता पुढे ढकलायला नको, यंदा परीक्षा नाही, एवढंच सांगितलं. मला तेव्हा इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. राग कुणावर, तेही धड कळत नव्हतं. आयविनवर होता, त्या घडी घातलेल्या आसनावर होता, आणि माझ्यावरही, कारण रडगाणं म्हणून मी तेच कानाआड केलं होतं. परवानगी मिळाली असती तर मीही निरोप्याचं इंजेक्शन टोचून घेऊन हात जपत बसले असते.

सोमवारी जेवणाच्या खोलीत सगळी प्रयोगशाळा जमली. सगळ्यांचे चेहरे उन्हाने रापलेले, डब्यांत तेच पाव. आयविन उठला. त्याने खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात धरले होते.

"पंपाखालचं आसन माझं," तो म्हणाला. "दुग्नादला मीच सारलं. सिनोवेने काही चोरलं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. तो नियम माझा होता, आणि निरोप्या काहीच करत नाही, हे मी परवानगी देणाऱ्यांना आज कळवतो आहे."

दुग्नादमध्ये आपण काय केलं हे आमच्यात कोणी सांगत नाही. तो सांगत होता आणि लोक आपापल्या कॉफीच्या कपांत बघत होते. ओड्वेगने मात्र सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्याने आंतेच्या करारावर सकाळीच सही केली होती, हे मला नंतर कळलं.

सिनोवे उठली. ती त्याला माफ करेल असं मला वाटलं होतं, आणि आयविनलाही वाटलं असावं. तिने डबा बंद केला.

"हे मला जूनमध्ये हवं होतं," ती म्हणाली. "नवा प्रबंध थरथरीवर करते आहे. वर्षभर लागेल. तुझी सही लागेल तेव्हा येईन."

ती पेशींच्या खोलीत गेली, तिच्यामागोमाग आंतेही. आयविन तसाच उभा होता. माझी कॉफी संपली तसं मी कप उचलला, डाव्या हाताने, न विचार करता, आणि तो हातात राहिला. पेशींच्या खोलीच्या उघड्या दारातून पंप घुमल्याचा आवाज येत होता, आणि त्यावर आवाज चढवून सिनोवे आंतेला दार लावून घ्यायला सांगत होती.